पणजीतल्या गल्लीतल्या बारमध्ये एकटीने जाऊन बसावं का?

कृष्णाकमळ (८ एप्रिल, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त एप्रिलचा पूर्ण महिना पणजीत आहे. मूळची कोल्हापूरची, वय ४७, एकटीच आलेय. राहायची सोय साओ तोमेच्या बाजूला, मुख्य टपाल कार्यालयापासून चार मिनिटांवर. ऑफिस पाट्टोला. त्यामुळे रोज संध्याकाळी खाडीवरचा पूल ओलांडून फोंताइन्हास या जुन्या वस्तीमधून चालत घरी येते.

त्या वाटेवर एक बार आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. अरुंद दार, आत चार टेबलं, लाकडी काउंटर, मागे काचेच्या कपाटात बाटल्या आणि वर येशूच्या तसबिरीपुढे लाल दिवा. टीव्ही नाही. सात-साडेसातला आत सहा-सात माणसं असतात, बहुतेक साठीच्या पुढची. आवाज कुणाचाच चढलेला नसतो, तरी सगळे बोलत असतात. दारात एक तपकिरी कुत्रा झोपलेला असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून जातो, कुणी उठवत नाही. रोज त्या दारापाशी माझी पावलं हळू होतात. रोज मी पुढे निघून जाते.

मी वर्षातून एक-दोनदा घेते, तीही घरच्यांबरोबर. मला तिथे प्यायला जायचं आहे असं नाही, बसायला जायचं आहे. आमच्याकडे बार म्हटलं की काळ्या काचांचं दार, आतून येणारा एसीचा वास आणि बाहेर लावलेल्या मोटारसायकली. बाईमाणूस त्या बाजूच्या फुटपाथवरूनसुद्धा जात नाही. इथे दार सताड उघडं, रस्त्यावरची आजी आत डोकावून कुणाला तरी हाक मारते. तर एकटी बाई जाऊन बसली तर चालतं का? काय मागवायचं? आणि माझी खरी काळजी ही की त्यांच्या रोजच्या बैठकीत मी जाऊन बसले तर त्यांची संध्याकाळ मोडेल का?

---

मांडवीकाठ (८ एप्रिल, रात्री १०:१५)

ताई, जा. नक्की जा.

मी जन्मापासून पणजीकर. तुम्ही ज्याला बार म्हणताय त्याला आमच्याकडे तावेर्न म्हणतात, पोर्तुगीजांपासूनचा शब्द. पूर्वी प्रत्येक वाड्यावर एक असायचंच. दारू मिळायची, पण माडाचं व्हिनेगर, काड्यापेटी, अंडी, बिस्किटंसुद्धा तिथेच मिळायची. माझी आजी मला व्हिनेगर आणायला पाठवायची आणि आजोबांना जेवायला बोलवायचं कामही त्याच फेरीत व्हायचं. म्हणून दार सताड उघडं. ते लपून प्यायचं ठिकाण नव्हतंच कधी.

वेळ सांभाळा. दुपारी एकपासून साधारण चार-साडेचारपर्यंत बहुतेक जुन्या जागा बंद. मालक जेवून झोपतो, त्यावर वाद नाही. साडेसहा ते आठ ही चांगली वेळ. आत गेल्यावर सगळ्यांकडे बघून मान हलवा, 'गुड इव्हनिंग' म्हणा. हे महत्त्वाचं आहे. गोव्यात छोट्या जागेत शिरताना न बोलता शिरणं उद्धट समजतात.

मागवायचं काय? एप्रिल आहे, प्रश्नच नाही. उर्राक, म्हणजे काजूच्या फळाची दारू. वर्षातले अडीच-तीन महिनेच मिळते, फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत. लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. मिरची तोंडात आली तर घाबरू नका, ती वासाला असते. पण ऐका, उन्हाळ्यात ती सरबतासारखी उतरते. चढली आहे हे बसल्या जागी कळत नाही, उठल्यावर कळतं. पहिल्या दिवशी एकच.

---

दोन_पाव (८ एप्रिल, रात्री १०:२२)

+१. आणि कुत्र्यासाठी बिस्किटं न्या. ओळख तिथूनच सुरू होते.

---

धोबीतलाव (८ एप्रिल, रात्री ११:०५)

सुंदर धागा. काळ्या काचांचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

आपल्याकडच्या त्या काळ्या काचा आभाळातून पडलेल्या नाहीत. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. पन्नासच्या दशकात मुंबईत कडक दारूबंदी होती. पुढे ती सैल झाली तेव्हा परवान्यावर प्यायची मुभा मिळाली, आणि तिथून 'परमिट रूम' हा शब्द आला. आजही कागदोपत्री महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आजीव. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे आपल्या बारचा जन्मच मुळी 'खोली'त झाला, दार लावून. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तो कायदा तिथे आलाच नाही. तुम्हाला जो फरक दिसतोय तो माणसांच्या स्वभावाचा कमी आणि कायद्याचा जास्त आहे.

दारूबंदीच्या काळात मुंबईत 'आँटीचे अड्डे' चालायचे. वांद्रे, माझगाव, गिरगाव, धोबीतलाव. घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकं, आतल्या खोलीत मुलं अभ्यास करताहेत, आणि ख्रिस्ती विधवा नाहीतर बोटीवर गेलेल्या माणसाची बायको ग्लास भरून देतेय. माझे वडील सांगायचे की अशा घरात आवाज चढवायची कुणाची हिंमत नव्हती, कारण आँटी कान धरून बाहेर काढायची. बायका आणि बार यांचा आपल्याकडे संबंध नव्हता असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि धोबीतलावाचे गोवेकरांचे कुड! एकेका गावाचा एकेक क्लब, बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या गाववाल्याला नाममात्र भाड्यात एक ट्रंक ठेवायला जागा. तिथल्या जेर महाल इमारतीत असे कितीतरी क्लब. संध्याकाळी सामूहिक प्रार्थना, मग खाली कोपऱ्यावर एखादा ग्लास. तुमचा तो फोंताइन्हासचा बार त्याच मुशीतला आहे.

---

बोंडू (९ एप्रिल, सकाळी ७:३०)

मी दोडामार्गचा. नावावरून विषय कळला असेलच.

ताई, बिनधास्त जावा. कोण काय एक म्हणूचो नाय.

उर्राक पिण्याआधी ती कशी होते ते ऐका, चव वेगळी लागेल. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. भट्टीवाले बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच गोळा करतात. बी पिरगळून वेगळी करायची आणि बोंडू पायांनी तुडवायचे. मग तो चोथा गोळा करून त्यावर जड दगड ठेवतात आणि जो रस थेंब थेंब गळतो तो नीरो. थंडगार नीरो मिळाला तर आधी तो प्या, त्यात दारू नसते. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, घालून लाकडांवर उकळतात. पहिल्या धारेची ती उर्राक. उर्राकीत आणखी आंबलेला रस घालून पुन्हा काढली की फेणी, ती ४२ टक्क्यांच्या पुढेमागे. उर्राक त्यापेक्षा बरीच सौम्य आणि टिकतही नाही, म्हणून तिला मोसम आहे.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आणि हद्दीच्या अलीकडे आमच्या बागेत तेच झाड, तीच माती, तोच बोंडू. बी विकतो आणि बोंडू झाडाखाली सडतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या बागेतून चालताना आंबलेला वास येतो, तो वाया गेलेल्या पैशाचा वास आहे. बोंडूपासून दारू काढू द्या, ही सिंधुदुर्गातल्या बागायतदारांची मागणी जुनी आहे. सरकार बदलतं, बोंडू सडतच राहतो. विषयांतर झालं, पण हे बोलायला जागा मिळाली तर बोलणारच.

---

रेवती_ह (९ एप्रिल, सकाळी ९:१०)

धागा वाचून थोडी अस्वस्थ झाले. कुणाचा रसभंग करायचा नाही, पण दुसरी बाजूही इथे असू दे.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथेही कोपऱ्यावर 'ओळखीचं' दुकान होतं. मालक सगळ्यांना नावाने ओळखायचा, उधारी द्यायचा. माझ्या वडिलांचा पगार त्या ओळखीतच गेला. सातवीत असताना मीही 'आजोबांना जेवायला बोलवायला' जावं तशी वडिलांना आणायला जायची, पण ते उठायचे नाहीत. पुढे गावात बायकांनी मतदान घडवून आणलं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. माझी आई ज्या दिवशी आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली त्या दिवशी तिने घरी शिरा केला होता. दुकान बंद झालं.

म्हणून लाल दिवा, लाकडी काउंटर, झोपलेला कुत्रा हे सगळं वाचताना मला काउंटरच्या पलीकडचं घर दिसतं. कृष्णाकमळ, तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याची घरी कुणीतरी वाट बघत असेल, एवढं मनात असू द्या.

---

फुलपात्र (९ एप्रिल, सकाळी ९:२५)

प्रत्येक धाग्यावर प्रबोधन आणायलाच हवं का? बाईंनी साधा प्रश्न विचारलाय.

---

कृष्णाकमळ (९ एप्रिल, सकाळी ९:५०)

फुलपात्र, असं नको. रेवतीताईंनी स्वतःचं घर उघडून दाखवलंय, तो आगाऊपणा नाही. ताई, तुमच्या आईचा शिरा मी विसरणार नाही.

---

मांडवीकाठ (९ एप्रिल, दुपारी १२:४०)

रेवतीताईंशी सहमत आणि थोडा असहमत.

गोव्यातही दारूने घरं बसली आहेत, माझ्या नात्यातलंच एक बसलं. ते लपवणार नाही. पण मी जे बघत मोठा झालो तेही सांगतो. आमच्या वाड्यावरची तावेर्नवाली मावशी प्रत्येकाचं माप ओळखून होती. कुणाला दुसरा ग्लास द्यायचा आणि कुणाला 'आता घरी जा' म्हणायचं हे तिला ठाऊक होतं, कारण त्या माणसाची बायको तिला सकाळी मासळी बाजारात भेटणार असायची. ती लाज दोन्ही बाजूंनी काम करायची. आता महामार्गालगतच्या मोठ्या दुकानातून खोका उचलून गाडीत बसून पिणाऱ्याला कोण थांबवणार? मला वाटतं वाड्यावरची जागा बंद पडली म्हणून पिणं थांबत नाही, फक्त बघणारं कुणी उरत नाही.

---

रेवती_ह (९ एप्रिल, दुपारी १:०५)

बघणारं कुणी असणं महत्त्वाचं, हे मान्य. आमच्या दुकानदाराला आईसमोर यायची लाज वाटली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याला ती कधीच वाटली नाही.

---

चांदागड (९ एप्रिल, दुपारी २:३०)

चंद्रपूरहून. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. मी तेव्हा तिच्या बाजूने होतो, आजही ज्या बायकांनी त्यासाठी मोर्चे काढले त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्या सहा वर्षांत आमच्या गल्लीतल्या पोरांच्या दप्तरातून पव्वे फिरताना पाहिले. वर्धा आणि गडचिरोलीवाले आणखी सांगतील. रेवतीताई आणि मांडवीकाठ दोघांचंही मला पटतंय, आणि दोघांचं एकदम कसं पटतं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

एकटी_भटकी (९ एप्रिल, सायंकाळी ६:२०)

मूळ प्रश्नाकडे येते. मी ३८, पुण्याची, गेली नऊ वर्षं एकटी फिरतेय. पणजीत चारदा गेले आहे आणि चारही वेळा गल्लीतल्या छोट्या बारमध्ये एकटी बसले आहे. अनुभवाचे चार शब्द.

शक्यतो काउंटरजवळ बसा. कोपऱ्यात पाठ करून बसलात तर लोकांना वाटतं तुम्हाला एकटं राहायचं आहे, मग कुणी बोलत नाही. पुस्तक न्या, पण उघडून ठेवू नका, नुसतं टेबलावर असू द्या. मोबाईल पर्समध्ये. पहिला अर्धा तास कुणीही बोलणार नाही, तो अर्धा तास निभवायचा. त्यानंतर कुणीतरी तुम्हाला विचारेल, "कुठल्या तुम्ही?" आणि काम झालं.

एकदाच वाईट अनुभव आला, पण तो गल्लीतल्या बारमध्ये नाही, किनाऱ्याजवळच्या एका झगमगीत जागी. छोट्या जागेत सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे कुणी आगाऊपणा केला तर उद्या त्याला तिथे यायचं असतं.

फोंताइन्हासमध्येच जोझफ बार म्हणून एक बारकी जागा आहे. तिथे फेणीत कोकम घालून देतात, ते 'तांबडी रोझा' एकदा तरी घ्या. पण आता तिथे गर्दी असते, लोक रस्त्यात उभं राहून पितात. तुमची चार टेबलांची जागा वेगळी दिसतेय, ती जपा.

---

पंक्तिप्रपंच (९ एप्रिल, सायंकाळी ६:४५)

शाकाहारी माणसाने अशा ठिकाणी काय खावं? गंभीर प्रश्न आहे, हसू नका.

---

दोन_पाव (९ एप्रिल, सायंकाळी ६:५२)

उकडलेले चणे, खारे शेंगदाणे, मिरचीची भजी. एवढ्यावर माझ्या काकाने २० वर्षं काढली. बाहेर गाडा लागतो, तिथे रस ऑम्लेट: ऑम्लेटवर शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा) रस्सा, वरून कांदा, लिंबू आणि बरोबर पाव. अंडं चालत असेल तर गाडेवाल्याला रस्सा कशाचा ते आधी विचारा, बहुधा कोंबडीचा असतो.

---

पंक्तिप्रपंच (९ एप्रिल, सायंकाळी ६:५५)

म्हणजे चणे.

---

दोन_पाव (९ एप्रिल, सायंकाळी ६:५६)

म्हणजे चणे. पण वर ओलं खोबरं आणि लिंबू मागा, जन्म सार्थकी लागेल.

---

ओरेमची_वाट (१० एप्रिल, रात्री ८:१०)

सहसा वाचनमात्र असते. आज लिहावंसं वाटलं, कारण मी फोंताइन्हासमध्ये राहते. लग्न होऊन आले त्याला २६ वर्षं झाली.

तुम्ही लोक ज्या भिंतींचे पिवळे, निळे, लाल रंग बघायला येता, त्यांच्या आत आम्ही राहतो. सकाळी सातला माझ्या पायरीवर एखादी नवरीच्या वेषातली मुलगी बसलेली असते आणि समोर तीन जण दिवे लावून उभे. कपडे वाळत घातले तर फोटोग्राफर मला ते काढायला सांगतो. माझ्याच घरी! गल्लीत कितीतरी घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लागल्या आहेत. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, खिडकीत बसायची त्यांची सवय होती. आता त्या आतल्या खोलीत बसतात, कारण रस्त्यावरून कुणीतरी सतत कॅमेरा रोखतं.

बारचंही तेच. आमच्या कोपऱ्यावर एक जुनी जागा होती. कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकला. सहा महिन्यांत आत बसायला जागा मिळेना, नेहमीची माणसं येईनाशी झाली, मग मालकाने मेन्यूकार्ड छापलं, गाणी लावली, भाव वाढवले. त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यालाही मुलं आहेत. पण रोज सातला तिथे बसणारे माझे काका-सासरे आता घरी टीव्ही बघतात आणि कुणाशी बोलत नाहीत.

म्हणून कृष्णाकमळ, तुम्ही नाव लिहिलं नाहीत ते वाचून मला बरं वाटलं. तुम्ही विचारलंत ना, त्यांची संध्याकाळ मोडेल का? येऊन बसलेल्या माणसाने ती मोडत नाही. दारात उभं राहून बघणाऱ्याने मोडते.

---

धोबीतलाव (१० एप्रिल, रात्री ८:४०)

ओरेमची_वाट, या प्रतिसादासाठी धन्यवाद. मी मागच्या डिसेंबरमध्ये तुमच्या गल्लीत फोटो काढले आहेत. घराला पाटी नव्हती, पण खिडकीत कुणी आहे का हे पाहिलंही नव्हतं. ते आज डिलीट केले.

---

ताग्युस (११ एप्रिल, रात्री १:२०)

लिस्बनहून. इथे मराठी घरं मोजकीच, पण हा धागा वाचून वाटलं की आपल्याच गल्लीबद्दल चाललंय.

इथे रोसियू चौकाजवळ, सां दोमिंगुस चर्चसमोर जिंजिन्याची दुकानं आहेत. जिंजिन्या म्हणजे आंबट चेरी दारूत मुरवून केलेलं गोड पेय. दुकान एवढं बारकं की आत तीन माणसं उभी राहिली की भरलं. ग्लास घेऊन फुटपाथवर यायचं. विक्रेता एकच प्रश्न विचारतो: चेरीसकट की चेरीशिवाय? पेन्शनर आजोबा, बँकेतला साहेब, सफाई कामगार सगळे एकाच ओट्याशी. मी इथे आलो तेव्हा भाषा येत नव्हती, ते दोन शब्द सगळ्यात आधी शिकलो.

आणि ओरेमची_वाट म्हणतात तेच इथे बाइरू आल्तू या जुन्या वस्तीत बघतोय. कष्टकऱ्यांच्या खाणावळी एकेक करून पर्यटकांच्या झाल्या. वरच्या मजल्यावरची भाडेकरू म्हातारी उपनगरात गेली, तिच्या खोलीला आता कुलूपाऐवजी पर्यटकांच्या किल्लीसाठी नंबरांची डबी आहे.

---

बोंडू (११ एप्रिल, सकाळी ७:१५)

चेरीसकट की चेरीशिवाय. आमच्याकडे मिरचीसकट की मिरचीशिवाय. माणूस सगळीकडे सारखोच.

---

पंक्तिप्रपंच (१७ एप्रिल, दुपारी ४:००)

धागाकर्त्या गायब. गेल्या की नाही?

---

कृष्णाकमळ (१७ एप्रिल, रात्री १०:३०)

गेले. तीनदा. सविस्तर लिहायचं होतं म्हणून उशीर झाला.

पहिल्या दिवशी सव्वाचारला गेले आणि दार बंद. मांडवीकाठांनी सांगूनही घाई केली. फक्त कुत्रा होता. पार्ले-जी दिलं, त्याने हुंगलं आणि मान वळवली. (नंतर कळलं, त्याला फक्त चोरिसचा, म्हणजे गोव्याच्या सॉसेजचा, तुकडा चालतो.)

दुसऱ्या दिवशी पावणेसातला. दारात पाच सेकंद थांबले, मग कुत्र्याला ओलांडून आत. "गुड इव्हनिंग" म्हटलं आणि आतल्या पाचही जणांनी एकदम "गुड इव्हनिंग" म्हटलं, शाळेत म्हणतात तसं. काउंटरजवळ जागा नव्हती म्हणून खिडकीशी रिकामी खुर्ची होती तिथे बसले. उर्राक मागितली. मालकीणबाई आहेत, साठीच्या. त्यांनी मिरची चिरताना माझ्याकडे बघून विचारलं, "तिखट खाता?" कोल्हापूरची आहे म्हटल्यावर सगळे हसले आणि दोन मिरच्या पडल्या.

वास पिकलेल्या बोंडूचा, थोडा उग्र, पहिला घोट घेताना नाक मागे जातं. तिसऱ्या घोटाला सवय झाली. बोंडू, तुमचा तो सडणारा वास आणि हा वास एकच आहे हे तिथे बसून समजलं आणि तुमचा प्रतिसाद पुन्हा आठवला.

साधारण वीस मिनिटांनी एक गृहस्थ आले. माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, काउंटरला टेकून उभ्याउभ्या प्यायला लागले. सगळे अधूनमधून माझ्याकडे बघत होते. मग ध्यानात आलं की ही त्यांची खुर्ची! उठायला लागले तर ते म्हणाले, "बसा, बसा. आज तुमची." शासकीय मुद्रणालयात ३४ वर्षं नोकरी केलेले. छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळापासून. मराठी वृत्तपत्र रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मुद्रणदोष शोधून पेन्सिलीने गोल करतात. तो अंक काउंटरवर असतो, बाकीचे त्यात त्यांनी सोडलेले दोष शोधतात. पैज एका प्लेट चण्यांची. मला अंक दिला. मी एक शोधला, 'उर्जा'. त्यांनी चष्मा लावून बघितलं, मान्य केलं आणि चणे माझ्यापुढे आले.

बोलणं कसलं होतं? खणलेले रस्ते कधी बुजणार, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, विसवण (सुरमई) महाग झाला. विशेष काही नाही. दीड तास कुणीही कुणाला काही विकत नव्हतं, पटवत नव्हतं. शेवटचं असं कधी बसले होते ते मला आठवेना.

दुसरा ग्लास मागितला तर बाई म्हणाल्या, "जेवलात? नाही? मग नको. उद्या." रेवतीताई, तेव्हा मला तुमची आठवण झाली. मी त्यांना विचारलं, सगळ्यांना असं सांगता का? त्या म्हणाल्या, "सांगते. ऐकतात सगळे असं नाही." त्यांचा स्वतःचा भाऊ त्यातच गेला. बाटल्यांच्या कपाटात त्याचा फोटो आहे, येशूच्या खालच्या फळीवर. इतके दिवस बाहेरून बघताना मला तो दिसला नव्हता.

तिसऱ्या वेळी एक गोष्ट घडली ती ओरेमची_वाट यांच्यासाठी लिहिते. दारात एक जोडपं आलं. छान, हसरी मुलं होती. आत आली नाहीत, तिथूनच मोबाईल वर केला, तीन-चार फोटो काढले आणि गेली. दहा सेकंदही नसतील. पण आत सगळे गप्प झाले. मुद्रणालयवाल्या काकांनी ग्लास टेबलाखाली घेतला. ग्लास लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी घेतला. मीही मान खाली घातली. आठवड्यापूर्वी मी त्याच दारात थांबून आत बघत होते, हातात फोन नव्हता एवढाच फरक. पुन्हा गप्पा सुरू व्हायला बराच वेळ गेला, आणि त्या दिवशी मुद्रणदोषांची पैज झाली नाही.

---

ओरेमची_वाट (१७ एप्रिल, रात्री १०:५०)

काकांचा ग्लास टेबलाखाली गेला, हे वाचून गलबलून आलं. आमच्या सासूबाई खिडकीतून अशाच उठल्या होत्या.

तुमचं काम संपायच्या आत आमच्याकडे या. सासूबाईंना कोल्हापूरबद्दल ऐकायचं आहे, त्या १९६८ मध्ये अंबाबाईला जाऊन आल्या होत्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

रेवती_ह (१७ एप्रिल, रात्री ११:१०)

फोटो खालच्या फळीवर आहे हे लिहिलंत, त्याबद्दल आभार. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

---

एकटी_भटकी (१८ एप्रिल, सकाळी ८:३०)

मला कुणी तीन फेऱ्यांत कधी चणे दिले नाहीत. 'उर्जा' शोधल्याबद्दल अभिनंदन, तो ऱ्हस्व उ मी दहा वर्षं लिहितेय.

---

मांडवीकाठ (१८ एप्रिल, सकाळी ९:००)

जागा ओळखली. कुत्र्यावरून. नाव मीही लिहिणार नाही.

---

बोंडू (१८ एप्रिल, सकाळी ९:२०)

ताई, झाडावर आता थोडेच बोंडू उरलेत. यंदा मोसम लवकर आटपतोय. उर्राक हवी असेल तर या आठवड्यात जावा.

---

कृष्णाकमळ (१८ एप्रिल, सकाळी ९:४५)

आज जातेय. काउंटरजवळ उभी राहीन, खिडकीची खुर्ची काकांची.